गुंगी म्हणजे उतार नव्हे

सातारा जिल्ह्यातले माण-खटाव आणि सांगलीकडचे आटपाडी-जत हे तालुके खडकाळ आणि अवर्षणाचे. इथला माणूस बांधावरचा धोंडा उचलण्याआधी पायाने हलवून बघतो, शेणीच्या हुडव्यात हात घालण्याआधी काठी आपटतो. भीती असते लाल विंचवाची. बोटाएवढा, तांबूस-तपकिरी, अंगाने किरकोळ. घरात सापडणारी काळी थोराड इंगळी दिसायला भयंकर, पण जीव घेतो तो हा किरकोळच. पश्चिम महाराष्ट्र आणि कोकण हा त्याचा हक्काचा मुलूख. भेगाळलेल्या भिंती, कौलं, सरपण, दगडांच्या ताली, काढून ठेवलेल्या चपला, सगळीकडे तो राहतो.

विंचू चावला की जवळची वाट मांत्रिकाची असे आणि लांबची दवाखान्याची. मिरजेत विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ साली रुग्णालय सुरू केलं होतं आणि १९६२ मध्ये त्याच गावात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही उभं राहिलं. पण रात्री वस्तीवरून बैलगाडी जुंपून मिरज किंवा सातारा गाठणं सोपं नव्हतं. १९६२ साली राज्यात जिल्हा परिषदा आल्या आणि पुढच्या काळात प्राथमिक आरोग्य केंद्रं गावांजवळ सरकली. डॉक्टर आला, कंपाउंडर आला आणि त्यांच्याबरोबर इंजेक्शनचा ट्रे आला. विंचूदंशाच्या रुग्णासाठी त्या ट्रेमधून जे काही उचललं जाई, त्यात एक औषध हमखास असे. कुठे ॲव्हिल, कुठे फेनरगन. दोन्ही ॲलर्जीवरची आणि दोन्ही गुंगी आणणारी. पुढची वीस-पंचवीस वर्षं हे औषध विंचवाच्या आणि सापाच्या उपचारात ठाण मांडून बसलं. ते तिथे आलं कसं आणि विंचूदंशातून बाहेर गेलं कसं, याचा इतिहास आपल्याच भागात घडला आहे.

सुरुवात मात्र लांबची आहे. हिस्टामिन हे रसायन आपल्या शरीरात असतं आणि रक्तवाहिन्या, फुप्फुसं, आतडी यांच्यावर त्याचा परिणाम होतो, हे लंडनमध्ये हेन्री डेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९१० च्या सुमारास दाखवून दिलं. अंगावर गांधी उठणं, नाक गळणं, खाज सुटणं, सूज येणं या सगळ्यांत त्याचा हात. मग त्याला अडवणारं औषध शोधण्याची धडपड सुरू झाली. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये डॅनिएल बोव्हे आणि ॲन-मारी स्टाउब यांनी १९३७ मध्ये पहिली अशी रसायनं शोधली. पण ती माणसाला देण्याजोगी नव्हती, फार विषारी होती. माणसाला चालेल असं पहिलं औषध फ्रान्समध्येच १९४२ मध्ये वापरात आलं. अमेरिकेत जॉर्ज रीव्हशल यांनी शोधलेलं डायफेनहायड्रामिन १९४६ मध्ये बाजारात आलं. त्याच दशकात फ्रान्सच्या रोन-पूलांक कंपनीच्या प्रयोगशाळेतून प्रोमेथाझिन, म्हणजे आपलं फेनरगन, बाहेर पडलं. फेनिरामिन, म्हणजे ॲव्हिल, आणि सर्दीच्या गोळीतलं क्लोरफेनिरामिन याच पिढीतले. बोव्हे यांना १९५७ मध्ये नोबेल मिळालं.

या पहिल्या पिढीचा एक गुण सगळ्यांना लगेच जाणवला. ती झोप आणत. हिस्टामिन केवळ खाज आणत नाही, मेंदूत ते माणसाला जागं ठेवण्याचंही काम करतं. ही औषधं रक्तातून सहज मेंदूत शिरतात, तिथलं हिस्टामिन अडवतात आणि डोळे मिटायला लागतात. त्यांचा दुसरा गुण तितकाच महत्त्वाचा. ॲसिटिलकोलिन नावाच्या दुसऱ्या एका संदेशवाहकालाही ती अडवतात. त्यामुळे तोंड कोरडं पडतं, घाम आणि लाळ कमी होते, नाडी वाढते, म्हाताऱ्या माणसांची लघवी तुंबते. प्रोमेथाझिनच्या अंगी तिसरा गुणही आहे. ते उलटी थांबवतं. हे तीन गुण वाचकाने लक्षात ठेवावेत, कारण पुढचा सगळा घोटाळा त्यांच्यातच आहे.

फ्रेंच नौदलातले शल्यचिकित्सक आंरी लाबोरी यांनी या गुंगीलाच कामाला लावलं. शस्त्रक्रियेच्या वेळी शरीराला बसणारा धक्का कमी व्हावा म्हणून ते प्रोमेथाझिन वापरून बघत होते. रुग्ण शांत, निर्विकार होतो हे त्यांनी टिपलं. त्या निरीक्षणामुळे रोन-पूलांकने आणखी शोध घेतला आणि डिसेंबर १९५० मध्ये क्लोरप्रोमाझिन तयार झालं. पुढे मनोविकारांच्या उपचाराचा चेहरा त्याने बदलला. क्लोरप्रोमाझिन, प्रोमेथाझिन आणि पेथिडीन यांचं मिश्रण 'लायटिक कॉकटेल' या नावाने जगभरच्या वॉर्डांत गेलं. तळमळणारा, ओरडणारा, झटके देणारा रुग्ण या मिश्रणाने गप्प होई. भारतात विंचूदंशाच्या रुग्णांनाही ते दिलं जाऊ लागलं.

यात त्या काळच्या डॉक्टरांना सरसकट दोष देता येणार नाही. मधमाशी किंवा गांधीलमाशी चावल्यावर हिस्टामिनचा खेळ खरोखर असतो आणि तिथे ही औषधं उपयोगी पडतात. डंख म्हणजे ॲलर्जी, हा तर्क त्यामुळे सरळ वाटे. विंचवावर दुसरं नेमकं औषध कोणाकडे नव्हतं. इंजेक्शन स्वस्त होतं आणि आरोग्य केंद्रात मिळत होतं. रुग्ण झोपला की नातेवाइकांच्या जिवात जीव येई.

पण सर्वांत मोठं कारण हिशेबातलं होतं. लाल विंचू चावलेल्या बहुतेकांना फक्त असह्य कळा येतात आणि एका दिवसात त्या आपोआप ओसरतात. अशा दहा रुग्णांना मंत्र घातला तरी दहा बरे होतात आणि ॲव्हिल दिलं तरी दहा बरे होतात. श्रेय ज्याने काही केलं त्याला मिळतं. मांत्रिकाची ख्याती ज्या हिशेबावर उभी होती, त्याच हिशेबावर इंजेक्शनचीही उभी राहिली. ज्या थोड्यांच्या शरीरात विष भिनायचं, ते दोन्हीकडे मरत होते.

ते कसे मरतात, याची नोंद व्हायला लागली होती. विंचूदंशानंतर फुप्फुसात पाणी भरून होणाऱ्या मृत्यूंबद्दल डॉ. पी. एम. मुंडले यांचं टिपण १९६१ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये छापून आलं. पण आजार कळला तरी उपाय हाती नव्हता. पुढची वीस वर्षं रुग्ण तसेच येत राहिले आणि विष अंगभर भिनलेल्यांपैकी शंभरातले तीसेक दगावत राहिले.

महाबळेश्वरच्या पठारावरून आंबेनळी घाट उतरला की सातारा जिल्हा संपतो आणि पोलादपूर लागतं. तिथून पुढे महाड. या महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७६ मध्ये एक तरुण डॉक्टर रुजू झाले. हिंमतराव बावस्कर, मूळचे जालना जिल्ह्यातल्या देहेडचे, नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून एमबीबीएस झालेले. विंचवाने माणूस मरतो हे पुस्तकात जेमतेम होतं आणि इथे तर धडधाकट शेतकरी, खेळती मुलं डोळ्यांदेखत जात होती. बावस्करांनी हाती असलेली एकच गोष्ट केली. ते रुग्णाच्या खाटेजवळ बसले आणि जे दिसेल ते लिहीत गेले.

जे दिसलं ते असं. मूल आणलं जातं तेव्हा ते जागं असतं. दोन-तीन उलट्या झालेल्या असतात. कपाळावरून, छातीवरून घामाच्या धारा. तोंडातून लाळ गळते. हात-पाय मात्र बर्फासारखे गार. मुलगा असेल तर लिंगाला ताठरता आलेली. डंखाच्या जागी कळा असतात, पण जितकी कळ जास्त तितकं विष जास्त असं नाही. नुसत्या कळांनी किंचाळणारा रुग्ण बहुधा वाचतो. आधी रक्तदाब चढतो. मग नाडी पळायला लागते, मूल खोकतं, श्वास लागतो आणि शेवटी तोंडातून गुलाबी फेस येतो. या क्रमातल्या पहिल्या खुणा, म्हणजे उलटी, घाम, लाळ आणि गार हात-पाय, पुढच्या संकटाच्या काही तास आधी दिसतात. हा निष्कर्ष बावस्करांनी १९८२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध केला. तालुक्याच्या आरोग्य केंद्रातली निरीक्षणं त्या नियतकालिकात छापून येणं ही तेव्हा साधी गोष्ट नव्हती.

आता मघाचे ते तीन गुण या खुणांशेजारी ठेवून बघा. प्रोमेथाझिन उलटी थांबवतं. घाम आणि लाळ आटवतं. रुग्णाला झोपवतं. म्हणजे विष अंगभर पसरतंय हे सांगणाऱ्या ज्या खुणा, नेमक्या त्याच हे औषध पुसून टाकतं. त्यात लाल विंचवाच्या विषाचं खरं काम हिस्टामिनशी फारसं संबंधित नाहीच. ते मज्जातंतूंमधले सोडियमचे मार्ग उघडे ठेवतं. त्यामुळे ॲड्रिनलिन आणि त्याच्या भावंडांचा लोंढा रक्तात येतो, सगळ्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि त्या दाबाविरुद्ध रक्त ढकलता ढकलता हृदय थकतं. या झटापटीत ॲव्हिल किंवा फेनरगनला काहीच करता येत नाही. उलट आधीच पळणारी नाडी आणखी पळू शकते. घाम-लाळ आटवणारं ॲट्रोपिनही दिलं तर त्यात भरच. लायटिक कॉकटेलमधली पेथिडीन आणि क्लोरप्रोमाझिन श्वास मंदावतात आणि फुप्फुसात पाणी भरत असलेल्या रुग्णाला ते परवडत नाही. घरात आग लागली म्हणून ओरडणाऱ्याचं तोंड बांधावं, तसा हा उपचार होता.

रोग रक्तवाहिन्या आवळण्याचा असेल तर उपाय त्या सैल करण्याचा हवा, हा विचार बावस्करांनी पुढे नेला. पुण्यात एमडी करून ते महाडला परतले. आधी त्यांनी सोडियम नायट्रोप्रुसाइड वापरलं. गुण आला, पण ते सलाइनमधून थेंब मोजून द्यावं लागतं आणि क्षणाक्षणाला रक्तदाब पाहावा लागतो. जिथे रात्री वीज असेल की नाही याची खात्री नाही, तिथे हे चालणारं नव्हतं. मग प्राझोसिन आलं. रक्तदाबावरची ही साधी गोळी रक्तवाहिन्यांमधले नेमके तेच अल्फा ग्राहक अडवते, ज्यांच्यावर विषामुळे उसळलेला लोंढा आदळत असतो. १९८६ मध्ये 'लॅन्सेट'मध्येच त्यांनी हा उपचार मांडला.

वॉर्डात हा उपचार दिसायला अगदीच साधा आहे. वजनाप्रमाणे गोळीचा तुकडा तोंडावाटे द्यायचा. रुग्णाला उठू-बसू द्यायचं नाही, कारण पहिल्या मात्रेनंतर रक्तदाब एकदम उतरू शकतो; लहान मुलाला आईच्या कडेवरही द्यायचं नाही. उलट्या-घामाने गेलेलं पाणी भरून काढायचं. ठरावीक वेळाने रक्तदाब, नाडी, श्वास बघायचा. आणि पुन्हा पुन्हा हात-पाय चाचपायचे. ते कोमट आणि कोरडे झाले, हाताच्या शिरा दिसू लागल्या की लढाई जिंकली. तोवर काही तासांनी गोळी पुन्हा द्यायची. या उपचारात रुग्ण जागा राहतो, पाणी मागतो, कुठे दुखतं ते सांगतो. कळांसाठी डंखाच्या जागी भूल देणारं इंजेक्शन असतं. त्यासाठी सगळा माणूस झोपवावा लागत नाही.

परिणाम आकड्यांत दिसला. गंभीर विंचूदंशातला तीस टक्क्यांच्या आसपासचा मृत्युदर प्राझोसिन वेळेवर मिळू लागल्यावर एक टक्क्याच्या घरात आला. याचं श्रेय सगळं एका गोळीला देणं बरोबर होणार नाही. रस्ते सुधारले, जीप आल्या, लोक मांत्रिकाकडे वेळ दवडायचे थांबले. तरीही औषध चुकीचं असतं तर लवकर पोचूनही भागलं नसतं. पुढे लाल विंचवावरचं प्रतिविषही मिळू लागलं. हिंमतराव आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी महाडमध्ये ७० रुग्णांवर केलेली चाचणी २०११ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आली. नुसतं प्राझोसिन घेतलेल्या ३५ पैकी ८ जण दहा तासांत पूर्ण बरे झाले होते; प्राझोसिन आणि प्रतिविष दोन्ही मिळालेल्या ३५ पैकी ३२. २०२२ मध्ये बावस्करांना पद्मश्री मिळाली.

विंचवाच्या बाबतीत हा प्रश्न सुटला, पण सापाच्या बाबतीत तीच सवय जास्त काळ टिकली. कृष्णा-वारणाकाठचा ऊस, पाटण-शिराळ्याची भातखाचरं, माळावरची ज्वारी, सगळीकडे नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं ही चौकडी आहे. सर्पदंशावरचं प्रतिविष घोड्याच्या रक्तातून तयार होतं, त्यामुळे ते देताना काही रुग्णांना खरोखरची तीव्र ॲलर्जी होते. इथे ॲलर्जीचं औषध आधीच टोचून ठेवावं हा तर्क आणखी पटणारा. तो तपासला गेला. ब्राझीलमध्ये १०१ रुग्णांवर झालेल्या चाचणीचा निकाल १९९९ मध्ये आला. प्रोमेथाझिन आधी दिलेल्यांत २४ टक्क्यांना प्रतिक्रिया आली, न दिलेल्यांत २५ टक्क्यांना. श्रीलंकेत हजारावर रुग्णांवर झालेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत प्रतिविषापूर्वी दिलेल्या ॲड्रिनलिनच्या छोट्या मात्रेने गंभीर प्रतिक्रिया स्पष्टपणे कमी केल्या. प्रोमेथाझिनने केल्या नाहीत.

कारण उघड आहे. तीव्र ॲलर्जीत हिस्टामिन हा अनेकांतला एक घटक असतो. रक्तदाब कोसळताना आणि घसा सुजताना जीव वाचवतं ते ॲड्रिनलिन. ॲव्हिल त्यानंतर, खाज आणि गांधींसाठी. मण्यार आणि नागाच्या दंशात तर गुंगी आणखी महागात पडते. या विषाने पापण्या मिटायला लागतात, आवाज बसतो, गिळता येत नाही, मग श्वास थांबतो. पापणी किती खाली आली, हे डॉक्टर दर काही मिनिटांनी बघत असतो. रुग्णाला औषधानेच झोप आली असेल, तर मिटलेले डोळे विषाने मिटले की गोळीने, हे ओळखणं कठीण होतं. मण्यारीचा दंश रात्री झोपेत होतो आणि बऱ्याचदा खूणही दिसत नाही, हे ध्यानात घेतलं की या घोटाळ्याचं गांभीर्य कळेल.

म्हणजे ही औषधं वाईट ठरली का? नाही. अंगावर पित्त उठलं, कीटक चावून खाज सुटली, प्रवासात मळमळलं, शस्त्रक्रियेआधी रुग्ण शांत करायचा आहे, तर आजही ती कामाची आहेत आणि स्वस्त आहेत. पण त्यांच्या सुरक्षिततेबद्दल जगाचं मत गेल्या पाऊणशे वर्षांत कडक होत गेलं आहे. दोन वर्षांखालच्या मुलांना प्रोमेथाझिन देऊ नये, श्वास मंदावून मृत्यू होऊ शकतो, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००४ मध्ये दिला. तेच इंजेक्शन शिरेबाहेर किंवा चुकून धमनीत गेलं तर बोटं-हात सडू शकतात, हा इशारा २००९ मध्ये आला. भारतात डिसेंबर २०२३ मध्ये औषध नियंत्रकांनी क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिन यांचं मिश्रण असलेली सर्दीची औषधं चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नयेत, असं वेष्टनावर छापायला सांगितलं. प्रोस्टेटचा त्रास असलेले, काचबिंदूचे रुग्ण आणि वयस्कर माणसं यांना लघवी अडणं, डोळ्यातला दाब वाढणं, भ्रम होणं, तोल जाऊन पडणं हे धोके असतात. दारूबरोबर गुंगी वाढते. ही गोळी घेऊन ट्रॅक्टर किंवा मोटारसायकल चालवू नये, उसाच्या चरकापाशी किंवा कडबाकुट्टीवर उभं राहू नये. झोप कमी आणणारी सेटिरिझिनसारखी नंतरच्या पिढीची औषधं साध्या ॲलर्जीत बहुतेक वेळा पुरतात.

या इतिहासात मला सर्वांत मोलाचं वाटतं ते नवं औषध शोधणं नव्हे. जुन्या औषधाचा हिशेब तपासून पाहणं, हे खरं काम होतं. ॲव्हिलने विंचू उतरतो असं कोणी सिद्ध केलं नव्हतं. रुग्ण गप्प होत होता, एवढ्यावर सगळे थांबले होते. खाटेजवळ बसून कोण कसा मरतो हे लिहून ठेवणारा माणूस मिळेपर्यंत ते तसंच चाललं.

म्हणून वाचकांना सांगणं एवढंच. विंचू चावल्यावर, विशेषतः लहान मुलाला, उलटी, भरपूर घाम, लाळ किंवा गार हात-पाय दिसले, तर एक मिनिटही घरी घालवू नका. प्राझोसिनची सोय असलेल्या आरोग्य केंद्रात किंवा रुग्णालयात पोचवा. सर्पदंशात तर कुठलंच लक्षण दिसण्याची वाट पाहू नका. वाटेत मेडिकलमधून ॲलर्जीची किंवा झोपेची गोळी घेऊन देऊ नका. आणि आधी कुठे इंजेक्शन दिलं गेलं असेल, तर ते कोणतं आणि किती वाजता दिलं हे चिठ्ठीवर लिहून घ्या. पुढच्या डॉक्टरला ती चिठ्ठी लागते.